त्या रविवारी तू कापलेली टिप

भिकादादा,

तू गेलास त्याला आज चौदा दिवस झाले, आणि लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलेत. क्लबच्या फळ्यावर खडूनं लिहिलंय, ‘आमचे मनमिळाऊ मार्कर भिकाजी यांस श्रद्धाजंली.’ मनमिळाऊ! ज्या माणसानं दहा वर्षांत एकाही मेंबरला धड नमस्कार केला नाही, ज्यानं एका वकिलाला तोंडावर सांगितलं की तुमचे हात कुदळ धरायचे आहेत, तो मनमिळाऊ. लिहिणाऱ्याला ‘श्रद्धांजली’सुद्धा नीट लिहिता आलेलं नाही. मी ते दुरुस्त केलं नाही. खोटंच लिहायचं तर निदान अशुद्ध तरी असू दे.

मी खरं लिहिणार आहे. तू गर्विष्ठ होतास, तुसडा होतास, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची तुला सवयच नव्हती. करंगळीच्या नखाएवढ्या कातड्याच्या तुकड्यावर तू अख्खा जन्म घालवलास, आणि वर रुबाब असा, की भिवंडीतली बाकीची सगळी माणसं नुसती कापसाची धूळ खायला जन्माला आली आहेत. त्यात मीही आलो. मी सगळ्यात आधी आलो.

क्लब म्हणजे तरी काय होता? सुताच्या गोदामावरचा एक लांबट हॉल, मधोमध बिलियर्डचं टेबल, भिंतीला सहा काठ्या आणि शेठच्या ओळखीचे पंधरा-वीस मेंबर. शेठनं मुंबईतल्या कुठल्यातरी बंद पडलेल्या क्लबातून ते टेबल उचललं आणि टेबलाबरोबर तिथला मार्करही आणला. गुण मोजायचे, काठ्या सांभाळायच्या, कापड झाडायचं, हे तुझं काम. एकदा कुणीतरी गमतीनं म्हणालं, “टेबलाबरोबर भिकाजी फुकट मिळाला.” तू कापडावरून ब्रश फिरवत होतास. मान वर न करता म्हणालास, “टेबल माज्यासंगं आलं. मी दिघाशीचा. मी घरी आलू, म्हनून त्ये आलं.” पुढे त्या माणसाला तू महिनाभर चांगली काठी दिली नाहीस.

आपली पहिली भेट तुला आठवत असेल. तुला सगळं आठवायचं, विशेषतः दुसऱ्याच्या चुका. मी शेठच्या टेमघरच्या कारखान्यात जॉबर होतो. लूम बिघडला की त्याच्या पोटात हात घालायचा, हे माझं काम; अजून तेच करतो. शेठनं मला टेबलाचा खचलेला पाय बघायला पाठवलं. मी वर आलो तेव्हा तू टेबलाच्या कडेवर पाण्यानं भरलेला पेला ठेवून त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत होतास.

“कोन?”

“जॉबर. शेठनी पाठवलंय.”

“चपला भायेर काड. आनि हात धू.”

“पायालाच हात लावायचाय, टेबलाच्या.”

“म्हनूनच धू. तेलाचा हात कापडाला लागला तर तुजा शेठ पन तुला वाचवनार न्हाय.”

शेठच्या कारखान्यात शेठबद्दल असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी हात धुतले. पाय उचलून खाली पत्र्याच्या दोन पट्ट्या सारल्या, बोल्ट आवळला. पेल्यातलं पाणी सरळ झालं. तू शाबास म्हणाला नाहीस, चहा विचारला नाहीस. मी निघताना सहज भिंतीवरची एक काठी उचलली, तेव्हा मात्र धावत आलास.

“बॉलला काय लागतं, सांग.”

“काठी.”

“काठी न्हाय लागत. ह्ये लागतं.” आणि काठीच्या टोकावर चिकटवलेलं ते गोल कातडं तू माझ्या डोळ्यांसमोर धरलंस. “टिप. ही बिघडली तर तू किती बी नेम धर, बॉल तुजं ऐकनार न्हाय. आनि ही लोकं तिला काय करून ठेवतात बग.” मग तू एकेक काठी काढून दाखवलीस. ही डॉक्टरची, टिपेचं पोट सुटलंय, मालकाचं बघून शिकली असंल. ही वकिलाची, दगड झालीय, खडू धरत न्हाय. ही शेठच्या पुतन्याची, रमेशची. ह्यानं तिच्यावर बोटानं तेल लावलंय, चकाकायला. चकाकायला! तू ते असं म्हणालास, की रमेशनं कुणाच्या तरी अन्नात माती कालवली असावी.

शेठनं रविवारी सकाळी कारखान्याच्या माणसांना खेळायची परवानगी दिली होती, कारण त्या वेळी मेंबर झोपलेले असत. मागच्या लोखंडी जिन्यानं यायचं आणि अकराच्या आत निघायचं. बाकीचे दोनदा आले आणि कंटाळले. मी येत राहिलो. खेळासाठी येतो असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर तुझा राग यायचा म्हणून यायचो. एवढ्याशा गोष्टीचा एवढा माज करणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि त्याला एकदा तरी चूक ठरवावं असं मला फार वाटायचं.

त्या नादात शिकलो सगळं. जुनी टिप पात्यानं सोलायची, ओढायची नाही. खालची पितळी टोपी काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर गोल घासायची, म्हणजे ती सपाट होते. कानशीनं घासली तर कड गोल होते आणि टिप कधीच नीट बसत नाही. सरस गरम करायचा, पण उकळू द्यायचा नाही. थेंबभर लावायचा. टिप बसवून दाबायची, दोऱ्यानं बांधायची आणि चोवीस तास काठीकडे बघायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी काठी उलटी करून टिप फळीवर टेकवायची आणि बाहेर आलेलं कातडं पात्यानं वरून खाली उतरवायचं. मग कड थुंकीनं ओली करून जाड कागदानं घासायची, काळी कुळकुळीत होईपर्यंत. डोक्याला गोलाई द्यायची, चार आण्याचं नाणं शेजारी धरून बघायचं. आणि खडू. खडूवर तर तू जीव खाल्लास माझा. मी खडू टिपेवर ठेवून गरगर फिरवला, तर तू तो माझ्या हातातून काढून घेतलास.

“खडू लावतोस का खलबत्त्यात लसून कुटतोस? हलका फिरव. भुवईला काजळ लावल्यावानी.”

“भुवईला काजळ कोण लावतं?”

“तू लावशील. तुजं काय सांगावं.”

असा होतास तू. एक गोष्ट सरळ शिकवायचा नाहीस, प्रत्येक धड्याबरोबर एक टोचणी. मी कारखान्यात गेलो की पोरं विचारायची, आज म्हाताऱ्यानं काय शिवी दिली? आणि मी रंगवून सांगायचो. सगळ्यात जास्त हसायचे इस्माईलभाई. ते आमच्या खात्यातले जुने विणकर, आजमगढकडचे, दोन लूम सोडून माझ्या समोर उभे असायचे. ते म्हणायचे, “ऐसा आदमी एक बार दिखाओ भाई, हम भी गाली खाके देखें.”

आपला खरा वाद कातड्यावरून झाला. तो अजून संपलेला नाही, निदान माझ्या बाजूनं.

विलायती टिपा मिळेनाशा झाल्या होत्या. मुंबईच्या दुकानातून एक डबी यायची, तीही यायची थांबली. डबीत शेवटच्या काही उरल्या, त्या तू मेंबरांना लावल्यास. माझ्यासारख्या मागच्या जिन्यावाल्याला झिजून पापड झालेल्या टिपेवर खेळावं लागायचं. मी म्हटलं, कातडंच ना? कातडं तर आमच्याकडे पोत्यानं आहे. लूममध्ये धोट्याला ठोकर मारणारा जाड कातड्याचा तुकडा असतो, पिकर म्हणतात त्याला. दिवसभर हजारो ठोकरा खातो आणि टिकतो. मी नवा पिकर घेतला, पंचानं त्यातून गोल तुकडे पाडले, रॉकेलमध्ये धुतले, उन्हात वाळवले आणि वाइसमध्ये दोन दिवस आवळून ठेवले. रविवारी तुझ्यासमोर टेबलावर ठेवले.

तू एक उचललास, हुंगलास.

“पिकर?”

“पिकर.”

“उद्या चपलेचं आनशील.”

“लावून तर बघ.”

“आरं, पिकर तेलात बुडवून ठेवतात तुमी. त्ये कातडं तेल प्यालेलं हाय. तेल प्यालेलं कातडं सरस धरत न्हाय. आज धरंल, उद्या धरंल, परवा सोडंल.”

“हा नवा होता. आणि मी रॉकेलनं धुतलाय.”

“रॉकेलनं धुतला!” तू भिंतीकडे बघून म्हणालास, जणू तिथं कुणी शहाणा माणूस उभा होता. “तेल काडायला तेल.”

मी माझी मीच लावली. आणि दादा, ती चालली. दोन महिने चालली. चेंडूला लागली की आवाज असा स्वच्छ यायचा की विलायती टिपेला आला नसता. एकदा मी खाली पाणी प्यायला गेलो असताना तू गुपचूप माझ्या काठीनं एक फटका मारलास. मी जिन्यातून पाहिलं. वर आलो तर तू म्हणालास, “आवाज बरा हाय,” आणि निघून गेलास. तुझ्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव स्तुती, आणि तीसुद्धा तू माझी काठी चोरून वापरल्यावर.

मग ती स्पर्धा आली. क्लबची दरवर्षीची स्पर्धा, आणीबाणीच्या आदल्या वर्षीची. नावं कमी पडली म्हणून कारखान्याच्या माणसांनाही खेळू देऊ असं ठरलं, एक गंमत म्हणून. गंमत अशी झाली की मी डॉक्टरला हरवलं, मग सुताच्या एका दलालाला हरवलं, आणि फायनलला रमेशसमोर उभा राहिलो. जिंकेल त्याला क्लबतर्फे मुंबईला खेळायला पाठवणार होते. मला मुंबईचं एवढं नव्हतं. मला पुढच्या जिन्यानं वर यायचं होतं. त्या रविवारी आमचं अर्धं खातं पुढच्या जिन्यानं वर आलं. इस्माईलभाई रात्रपाळी करून तसेच आले होते, केसांत कापूस. शेठ खुर्ची टाकून पुढे बसला होता. शेठ आमच्या लोकांकडे बघत होता, आणि आमचे लोक टेबलाच्या हिरव्या कापडाकडे.

खेळाआधी मार्करनं दोन्ही काठ्या तपासायच्या असतात. तू रमेशची बघितलीस, दिलीस. माझी घेतलीस. टिपेच्या कडेला अंगठा लावलास. एकदा, दोनदा. मग शेठकडे बघितलंस. शेठनं काही केलं नाही, फक्त बघत राहिला. आणि तू खिशातलं पातं काढलंस आणि माझी टिप काठीपासून साफ उडवलीस. सतरंजीवर पडली, बटणासारखी.

मी वाकून ती उचलली. 

“दादा, हे काय केलंस?”

“क्लबची काठी घे.”

“का?”

“ही आज उडंल.”

तीन शब्द. तेवढेच बोललास आणि मला भिंतीवरची एक परकी, जड काठी दिलीस. शेठचा चेहरा लाल झाला होता; मला वाटलं, हसू दाबतोय. मी खेळलो.  अकरा गुणांनी हरलो. रमेशनं माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाला, “व्हेरी गुड, जॉबर.” माझं नाव त्याला माहीत नव्हतं.

तू शेठकडे बघितलंस ते मी पाहिलं होतं. आणखी काही कळायची मला गरज नव्हती. दहा मिनिटांत माझ्या डोक्यात सगळं जुळलं: शेठचा पुतण्या, शेठचा क्लब, शेठचं मीठ. त्याच दिवशी खाली चहाच्या टपरीवर मी बोलायला लागलो, आणि तीन वर्षं थांबलो नाही. भिकाजी विकला गेला. भिकाजी शेठचा माणूस. खात्यात बोललो, टेमघरच्या नाक्यावर बोललो, दिघाशीला जाणाऱ्या एसटीत तुझ्याच गावच्या लोकांसमोर बोललो. इस्माईलभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. “अफसोस. जबान का कडवा था, दिल का साफ समझते थे.” मी म्हटलं, दिलसुद्धा तसलंच आहे.

त्याच महिन्यात शेठनं क्लबमागची तुझी खोली काढून घेतली. तू दिघाशीहून सायकलनं येऊ लागलास, त्या वयात. तेही मी लोकांना सांगितलं, आणि चवीनं सांगितलं. बघा, वापरून फेकला. रस्त्यात दोनदा तू समोरून आलास. सायकलवरून उतरलास. मी रस्ता ओलांडला.

लकव्यानं तुझा उजवा हात गेला तेव्हाही मी आलो नसतो. तू अंथरुणाला लागल्यावर क्लबच्या काठ्यांचे हाल झाले आणि सेक्रेटरीनं मला बोलावलं. टिपा लावायला दुसरं कुणी नव्हतं. तुझी सरसाची भांडी आणि पाती तुझ्या घरी होती, ती आणायला म्हणून दिघाशीला आलो. भेटायला नाही, हे मी तेव्हाच स्पष्ट करून टाकलं, दारातच. वहिनीनं आतून डबा आणून दिला. मी नमुना म्हणून एक काठी आणली होती, नवी टिप लावलेली. तू डाव्या हातानं खूण केलीस. दिली.

तू डाव्या अंगठ्यानं कड चाचपलीस. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द अर्धे येत होते, पण टोचणी पूर्ण होती.

“सरस ज्यास्त झाला.”

“माहीत आहे.”

“म्हाईत असतं तर लावला नसतास.”

मी डबा उचलला. तू विचारलंस, “अजून त्येच कातडं वापरतोस? कारखान्यातलं?”

स्पर्धेच्या त्या दिवसानंतर मी पिकरच्या कातड्याला हात लावला नव्हता. पण तुझ्यापुढे कोण कबूल करणार? म्हटलं, “तेच वापरतो. आणि उडत नाही.”

तू हसलास, अर्ध्या तोंडानं. “एकदा तरी उडू द्याला पायजे व्हती.”

मी हे वाक्य घेऊन एसटीत बसलो आणि भिवंडीपर्यंत तुला शिव्या घातल्या. अंथरुणाला खिळलाय, पण माज जात नाही. तीच आपली शेवटची भेट.

गेल्या रविवारी क्लबात तुझी शोकसभा झाली. रमेश आता क्लब चालवतो, शेठ थकलाय. रमेशनं दहा मिनिटं भाषण केलं. तू कसा प्रेमळ होतास, सगळ्यांना कसा आपला वाटायचास. ज्याच्या टिपेवरचं तेल बघून तू तोंड वाकडं करायचास, तो सांगत होता. नंतर चहा-बिस्किटं. रमेश बिस्किट बुडवत माझ्याजवळ आला, आणि हसत हसत म्हणाला, “जॉबर, तुझी टिप उडवली होती ना त्यानं? काका काय भडकले होते!”

“का? त्यांनीच सांगितलं होतं ना उडवायला?”

“छे! उलट.” त्यानं बिस्किट तोंडात टाकलं. “आदल्या संध्याकाळी मी सहज तुझी काठी हातात घेतली. टिप हलत होती रे, अंगठ्यानं. मी काकांना बोललो. काका म्हणाले, गप्प बस. भिकाजीला बोलावून सांगितलं, उद्या त्याची काठी तपासू नको, राहू दे तशीच. भर डावात उडू दे. कारखान्याची सगळी गर्दी बघायला येणार आहे, त्यांनाही कळू दे हा खेळ कुणाचा आहे. आणि तो म्हातारा बघ! सगळ्यांसमोर पातं काढलं. खोली गेली त्याची त्यापायी.”

 मी एवढंच म्हटलं, “आणि हे तू मला आज सांगतोस?”

“अरे, मला वाटलं तुला माहीत असेल,” तो म्हणाला, आणि दुसरं बिस्किट घ्यायला गेला.

या माणसाबद्दल मी काय लिहू? त्याला मारावंसं वाटलं हे खरं, पण लगेच लक्षात आलं, की त्यानं तीन वर्षं एक गंमत सांगितली नाही, एवढाच त्याचा गुन्हा. तीन वर्षं गावभर बोललो तो मी.

आणि टिप सैल होती, दादा. म्हणजे वादातही तूच बरोबर ठरलास. आज धरंल, उद्या धरंल, परवा सोडंल. रमेशचं ऐकल्यावर मी घरी जाऊन पिकरचे ते जुने गोल तुकडे शोधून काढले, कागदावर ठेवले, वर वजन ठेवलं. सकाळी कागदावर तेलाचे डाग होते. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिलं.

मंगळवारी मी दिघाशीला गेलो. वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, रमेश काय म्हणाला ते. ती निवडत राहिली.

“तुला माहीत होतं, वहिनी?”

“त्याच दिसी सांगलं व्हतं मला. रविवारचे घरी येत, तसे आले, म्हनाले, जयवंत्या आता माज्यावर थुकंल.”

“मग मला का नाही सांगितलं? तीन वर्षं! एकदा तरी बोलायचं. मी कुठं कुठं काय काय बोललो त्यांच्याबद्दल, तुला माहीत नाही.”

“म्हाईत हाय. एसटीत बोललात, त्ये गावात आलं.” तिनं सूप खाली ठेवलं. “पन भावजी, त्यांनी सांगलं व्हतं ना तुमाला. तितंच, टेबलापाशी. ही आज उडंल म्हनून.”

“हो.”

“मंग तुमाला त्ये खरं का न्हाय वाटलं?”

 ज्या माणसानं मला टिपेबद्दल आजवर एकही शब्द खोटा सांगितला नव्हता, जो वकिलाशी, डॉक्टरशी, शेठशी, कुणाशीच गोड बोलला नव्हता, त्याच्या तीन शब्दांवर मी विश्वास ठेवला नाही. तुझा तुसडेपणा मला दहा वर्षं दिसला. तुसडा माणूस लाचार नसतो, हे दिसलं नाही. मेंबर लोकांना मी मूर्ख म्हणायचो. ते तुझ्याबद्दल खोटं बोलले, पण निदान चांगलं तरी बोलले.

पण ऐक. मी तुला माफी मागून मोकळं करणार नाही. तूही कमी नव्हतास. तुला वाटलं असणार, सांगितलंय एकदा, कळायचं तर कळेल. दुसऱ्यांदा सांगणं तुझ्या शानमध्ये बसत नव्हतं. सायकलवरून उतरलास ना दोनदा? मग हाक मारायची होती. मी रस्ता ओलांडला तर मागून ओरडायचं होतं, एखादी शिवी द्यायची होती. मला शिवी द्यायला तू कधी मागे हटला होतास? नेमका तेव्हाच गप्प बसलास. या बाबतीत मी तुला चूक म्हणतो, आणि हा वाद मी सोडणार नाही, तू असतास तरी सोडला नसता.

वहिनी म्हणाली, जेवून जा. जेवलो.

परवापासून मी एक काम काढलंय. ज्यांना ज्यांना तुझ्याबद्दल वाईट सांगितलं होतं, त्यांना गाठून खरं सांगतोय. वाटलं होतं, लोक चकित होतील, वाईट वाटून घेतील, मला दोन शब्द सुनावतील. टपरीवाल्याला सांगितलं, तो म्हणाला, “कोण भिकाजी?” नाक्यावरच्या दोघांना सांगितलं. त्यांना मी काय बोललो होतो तेही आठवत नव्हतं, आणि तूही. तीन वर्षं मी ज्यांच्या कानात तुझं नाव खराब करत होतो, त्यांनी ते नाव ठेवूनच घेतलं नव्हतं.

काल शिफ्ट सुटल्यावर इस्माईलभाईंना थांबवलं. म्हटलं, “भाई, भिकाजीचं सांगायचंय.”

ते थबकले. टॉवेलनं मानेवरचा कापूस झटकला. “वही ना? शेठ का आदमी?”

मी त्यांचा हात धरला, त्यांना लूमशेजारच्या बाकावर खाली बसवलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.